प्रीअँप लावला आणि गोंगाटच वाढला? आधी अटेन्युएटर लावून बघा

सिग्नल कमकुवत वाटला की लगेच गेन (सिग्नल किती पटीने वाढवायचा ते) वाढवू नका. रिसीव्हिंग साइटवर मला सगळ्यात जास्त याच गोष्टीने छळलंय. प्रीअँप (अँटेनाचा सिग्नल रिसीव्हरच्या आधी वाढवणारा अँप्लिफायर) ओव्हरलोड झाला तरी स्क्रीनवर कमकुवत सिग्नलसारखंच दिसतं, नॉइज फ्लोअर (मागे सतत असणाऱ्या गोंगाटाची पातळी) वर येतो, हवा तो सिग्नल त्यात बुडतो, मग आपण अजून गेन देतो आणि अजून बिघडतं.

प्रीअँपला तुमचा सिग्नल कुठला ते कळत नाही, अँटेनातून येईल ते सगळं तो वाढवतो. समजा जवळच्या टॉवरवर 93.5 आणि 107.1 अशी दोन एफएम स्टेशनं आहेत. प्रीअँप लिनियर राहिला नाही, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा न वाढवता बिघडवायला लागला, की 107.1 ची दुप्पट वजा 93.5, म्हणजे 120.7 मेगाहर्ट्झवर, भर एअरबँडमध्ये (विमानांच्या संभाषणाच्या पट्ट्यात), फाटका आवाज येतो. हवेत तिथे काहीच नसतं, त्यामुळे हातात अँटेना घेऊन कितीही हिंडा, सोर्स सापडत नाही.

टेस्ट सोपीये. प्रीअँपच्या आधी, परत सांगतो, आधी, 10 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा. खरा सिग्नल 10 डीबीनेच पडेल, थर्ड ऑर्डरचं भूत, म्हणजे वरच्या 120.7 सारखा खोटा सिग्नल, 30 च्या आसपास पडेल. मग तोच अटेन्युएटर प्रीअँप आणि रिसीव्हरच्या मध्ये लावा. भूत फक्त 10 ने पडलं तर ते प्रीअँपमध्ये तयार होतंय, 30 ने पडलं तर रिसीव्हरमध्ये. आणि प्रीअँप मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) असून सप्लाय कोॲक्समधूनच (अँटेनाच्या केबलमधूनच) वर जात असेल तर अटेन्युएटर बायस-टी (केबलमध्ये डीसी सप्लाय सोडणारा भाग) आणि रिसीव्हरच्या मध्येच लावा, नाहीतर डीसी अटेन्युएटरमध्ये जाईल, प्रीअँप बंद पडेल किंवा अटेन्युएटर जळेल.

इलाज म्हणजे प्रीअँपच्या आधी नको ती स्टेशनं अडवणारा फिल्टर. फिल्टरचा लॉस थेट नॉइज फिगरमध्ये (आपली यंत्रणा स्वतः किती गोंगाट भरते त्या मापात) जातो म्हणून लोक तो नंतर लावतात, पण तोवर प्रीअँपमध्ये व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अर्धा-एक डीबी गेला तर जाऊ द्या. माझं स्पष्ट मत, केबलचा लॉस भरून थोडा उरेल एवढाच गेन पुरतो, आणि स्पेक्ट्रम न बघता नुसता "मोठा प्रीअँप घे" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका.

एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) तर बहुतेक वेळा प्रीअँप लागतच नाही. अँटेना काढून 50 ओमचा लोड लावा, नॉइज दणकून खाली आला तर बाहेरचाच नॉइज जास्त आहे, प्रीअँपने काही फरक पडणार नाही.

पहिल्या टेस्टमध्ये गोंगाट सरळ 10 ने पडला तर घाबरू नका, तो खरंच बाहेरून येतोय आणि शोधता येतो. रिसीव्हर बॅटरीवर घ्या, साइटचा मेन स्विच पाडा, गोंगाट गेला तर एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेकदा एखादा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) किंवा एलईडीचा ड्रायव्हर निघतो, त्याच्या वायरीला फेराइटच्या कड्यावर पाच-सहा वेढे द्या आणि परत मोजा.