युद्धात मरण पावलेल्या बोटीवरच्या खलाशाची कबर कशी शोधावी

परमुलखातील समाधी सोलापूरकरांना नवी नाही, डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले आणि त्यांची समाधी तिथे आजही जपलेली आहे. पण मूळच्या कोकणातल्या एखाद्या घरात ‘पणजोबा बोटीवर होते, लढाईत गेले’ एवढेच ऐकिवात असते, आणि ते कुठे पुरले गेले हे सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा घरांसाठी ही माहिती आहे.

शोधाची सुरुवात माणसाच्या नावापासून न करता जहाजापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गोऱ्या कारकुनांनी खलाशांची नावे कानावर पडली तशी लिहिली. आडनाव बहुधा नसेच, कधी वडिलांचे नाव तर कधी गावाचे नाव पुढे जोडलेले असे, त्यामुळे एकाच नावाचे अनेक खलाशी सापडतात. जहाज आणि ते बुडाल्याची तारीख मात्र निश्चित असते. म्हणून घरातील जुन्या ट्रंकेत खलाशाचे नोकरीचे पुस्तक, कंपनीचे पत्र, पेन्शनचा कागद किंवा पदक आहे का, हे आधी पाहावे. ‘मुंबईहून आफ्रिकेला जाताना बोट बुडाली’ एवढी आठवणसुद्धा उपयोगी पडते, कारण तिच्या आधारे २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘तिलावा’सारखे जहाज पडताळून पाहता येते.

त्यानंतर दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी. ती विनामूल्य आहे. तिथे पूर्ण नाव न लिहिता सुरुवातीची दोन-तीन अक्षरे घालावीत, दल म्हणून मर्चंट नेव्ही (व्यापारी जहाजांवरचे नाविक) निवडावे आणि जहाज बुडाल्याची तारीख द्यावी. काही नोंदींत वडिलांचे व गावाचे नाव मिळते, आणि आपला माणूस तोच, याची खात्री त्यावरूनच होते.

प्रेत किनाऱ्याला लागले असेल किंवा मृत्यू बंदरात झाला असेल, तर नोंदीत दफनभूमीचे नाव आणि कबरीचा क्रमांक मिळण्याची शक्यता असते. बहुसंख्य खलाशांना मात्र समुद्रानेच पोटात घेतले. त्यांची कबर नाही, स्मारकावर नाव आहे. पहिल्या महायुद्धातील अशा दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नावे मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नावे एका स्मृतिग्रंथात नोंदवलेली असून त्याची एक प्रत मुंबईत आणि दुसरी चितगावच्या युद्ध दफनभूमीत ठेवलेली आहे. सोलापूरहून खडकीची युद्ध दफनभूमी जवळ पडते म्हणून आधी तिथे जावेसे वाटते, पण तिथल्या कबरी मुख्यतः सैनिकांच्या आहेत.

नाव सापडलेच नाही, तर मृत्यूची तारीख आणि कारण तपासावे. मृत्यू ज्या काळात झाला असेल तरच कमिशन नोंद घेते, ती मुदत पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. शिवाय सैनिक आजाराने वारला तरी त्याची नोंद होते, पण व्यापारी जहाजावरील खलाशाचा मृत्यू युद्धामुळेच झालेला असावा लागतो. आजारपणात गेलेले कितीतरी खलाशी याच नियमामुळे यादीबाहेर राहिले, आणि ही गोष्ट मनाला लागते. मृत्यू युद्धामुळे झाला असूनही नाव गळाले असेल, तर लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या जहाजाचे खलाशी-करार, लॉगबुक आणि मृत नाविकांच्या नोंदवह्या शोधाव्यात व त्यांच्या प्रती जोडून कमिशनला लिहावे. पुरावा पटला तर नाव नव्याने घेतले जाते.

मुंबईतील स्मारक पाहायचे असेल, तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरून लोकलने पुढचेच मशीद स्थानक गाठावे. परवानगीसाठी आधी पत्र पाठवावे आणि कमिशनच्या नोंदीची छापील प्रत सोबत न्यावी, कारण तिथे नाव इंग्रजी स्पेलिंगनुसारच शोधावे लागते.