इल ओ सर्फ बेटावर गोल्फ खेळताना

मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इल ओ सर्फ बेटावर जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगर यांनी आखलेले 18 होलचे, पार 72 चे (म्हणजे कुशल खेळाडूने 72 फटक्यांत पुरे करावे असे) मैदान आहे. तेथे बोटीनेच जावे लागत असल्याने सरावासाठी वेळ हाती ठेवून निघावे आणि शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, कारण दिवस तापू लागला की समुद्रावरचा वारा वाढतो. जून ते सप्टेंबर या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे विशेष जोरकस असतात.

समोरून वारा येत असताना जोरात मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. जोराने मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते, त्यामुळे तो उंच चढतो आणि लक्ष्याच्या बराच अलीकडे पडतो. जिथे एरवी 7 नंबरचा आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब; नंबर लहान तितका चेंडू लांब जातो) पुरला असता, तिथे 6 किंवा 5 नंबरचा घ्यावा, ग्रिप म्हणजे क्लबची मूठ इंचभर खाली धरावी, चेंडू मागच्या पायाकडे थोडा सरकवावा आणि स्विंग संथ ठेवून फॉलो-थ्रू, म्हणजे फटक्यानंतरची क्लबची पुढची हालचाल, छातीच्या उंचीपाशीच थांबवावा. हा फटका येथे येण्यापूर्वीच घोटून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन; ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, गाठलेल्या अंतरापेक्षा तो कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

खाडीवरून किंवा तळ्यावरून मारताना चेंडू हवेतून किती अंतर कापेल तेवढेच धरावे, जमिनीवर घरंगळण्याचा भाग हिशेबात घेऊ नये. अंतर पेलणारे नसेल तर पुढच्या टीवरून, म्हणजे होलला अधिक जवळ असलेल्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळावे. त्यात कमीपणा काहीच नाही. चेंडू दंडक्षेत्र दाखवणाऱ्या लाल खुंट्यांच्या आत, खारफुटीत गेला, तर एका फटक्याचा दंड घेऊन, तो जिथून आत शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा. खडकांमध्ये उभे राहून मारण्यापेक्षा हा दंड नेहमीच स्वस्त पडतो. चेंडू शोधण्यास 2019 पासून तीनच मिनिटे मिळतात, हेही ध्यानात असावे.

दमट हवेत हातमोजा लवकर भिजून ग्रिप निसटते, म्हणून दोन-तीन हातमोजे आलटून पालटून वापरावेत. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मात्र वाऱ्याचा विसर पडतो: तेथे पाय नेहमीपेक्षा रुंद रोवावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि झुळूक ओसरेपर्यंत पटर (चेंडू होलकडे घरंगळवण्याचा क्लब) मागे नेऊ नये.