वाड्याचा दरवाजा फ्लॅटमध्ये बसवताना

नागपुरात महाल या भागासारख्या जुन्या वस्तीतला वाडा उतरवला जातो, तेव्हा त्याचा सागवानी दरवाजा बहुधा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातो आणि पुष्कळदा वर काच बसवून त्याचा टेबल केला जातो. माझ्या मते ही नासाडी आहे. दरवाजा दरवाजा म्हणूनच वापरावा, आणि थोडी काळजी घेतल्यास ते फ्लॅटमध्येही जमते.

वाडा अजून उभा असेल आणि वारसा यादीत असेल, तर काहीही काढण्यापूर्वी महापालिकेकडे परवानगीची चौकशी करावी. विकत घेताना नुसती दारे घेऊ नयेत. चौकट, उंबरठा, कडी-कोयंडा आणि अडसर हे सारे सोबत घ्यावे, कारण जुनी दारे बहुधा बिजागऱ्यांवर नव्हे, तर चौकटीच्या खाचांत बसणाऱ्या खुंट्यांवर फिरतात. सुटे करण्याआधी छायाचित्रे काढून प्रत्येक भागाच्या मागच्या बाजूस खडूने क्रमांक घालावा.

चौकटीचे पाय आणि उंबरठा येथे चाकूचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत गेले, तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड पोखरले आहे असे समजावे, आणि तेवढाच भाग कापून जुन्याच सागवानाचा सांधा द्यावा. लांबी (पुट्टी) भरून रंग चढवणे म्हणजे रोग झाकणे होय.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. त्यामुळे रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळू तर मुळीच नये. पेंट रिमूव्हरने मऊ करून, हातमोजे आणि योग्य मास्क घालून, मोकळ्या हवेत खरवडावा, आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. कॉस्टिक सोड्याने काम झटपट होते, पण सागवान काळवंडते.

नंतर जवसाचे तेल द्यावे. विदर्भात जवस घरोघरी ओळखीचे असले, तरी स्वयंपाकाचे तेल फार दिवस चिकट राहते; म्हणून रंगाच्या दुकानातले बॉइल्ड लिनसीड घ्यावे, पातळ हात द्यावा आणि उरलेले तेल पुसून काढावे. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कधीही ठेवू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवाव्यात. चकचकीत पॉलिश मला पटत नाही: उन्हात त्याचा थर तडकून सोलतो.

खरी कसोटी बसवण्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला की लाकूड आकसते आणि पावसाळ्यात ते फुगते, म्हणून उन्हाळ्यात बसवलेल्या दाराला चारी बाजूंनी ४ ते ५ मिलिमीटर फट सोडावी. श्रावणात बसवल्यास त्याहून कमी पुरते. वाड्यांची आतली दारे बहुधा ठेंगणी असतात, आणि फ्लॅटची मोकळी जागा साधारण ७ फूट उंच असते. ही उरलेली उंची भरण्यासाठी कोरीव गणेशपट्टी (चौकटीवरची गणपती कोरलेली आडवी पट्टी) कापू नये किंवा दाराला जोड देऊन ते वाढवू नये, तर वर साधी जाळी बसवावी. सुरक्षेसाठी कुलूप हवेच असेल, तर ते बाहेरच्या जाळीच्या दाराला लावावे, जुन्या फळीला भोक पाडू नये.