जिवंत कोळंबीवर जिताडा कसा गरवायचा

खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, सुरुवात करणारे लोक पहिलं विचारतात रॉड कुठला घेऊ, रील किती हजाराचं घेऊ, पण कोकणातल्या खाडीत जिताडा किंवा तांबोशी हे मासे हवे असतील तर आधी कोळंबीचं बघा, ती गळाला लावल्यावर उड्या मारतेय की नुसती लोंबतेय. जिताडा शिकारी मासा, कोळंबी शेपूट झटकून मागे उडी मारते ना त्या हालचालीवर तो धावतो. मेलेल्या कोळंबीवर कधी येतच नाही असं नाही, पण बहुतेक वेळा शिंगाळे मासे नाहीतर खेकडेच येऊन ती खाऊन जातात.

कोळंबी स्वतः पाग (फेकजाळं) टाकून धरा, नाहीतर खाडीत कोळंबी पकडणाऱ्या बायका असतात त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की जिवंत पाहिजे, बोटाएवढी, आणि पैसे थोडे जास्त द्या कारण जिवंत ठेवायची मेहनत वेगळी असते. बादली मोठी घ्या आणि पाणी त्याच खाडीचं भरा, नळाचं अजिबात नको, क्लोरीनने कोळंबी मरते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि आपल्याकडे एप्रिल मे मध्ये बादली उन्हात ठेवली तर बघता बघता सगळी आडवी होतात, त्यामुळे बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, बादली सावलीत ठेवायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं. फारच तापत असेल तर पाण्याच्या बाटलीत बर्फ करून झाकण घट्ट लावून ती बाटली आत सोडा, सुटा बर्फ टाकू नका. गर्दी करू नका, थोड्याच ठेवा पण तरतरीत ठेवा, आणि एखादी मेली की लगेच काढा नाहीतर पाणी खराब होऊन बाकीच्याही जातात. पावसाळ्यात आणखी एक लक्षात घ्या, मुखाजवळच्या खारट पाण्यातली कोळंबी वर गोड्या पाण्यात नेऊन सोडली तर ती टिकत नाही, जिथे गरवणार तिथलीच धरलेली चांगली.

आता वेळ. आपल्याकडचा जुना हिशोब अजून उपयोगी पडतो, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा येते हे धरून चला. अमावास्या पौर्णिमेच्या उधाणाला ओढ एवढी असते की कोळंबी एका जागी राहतच नाही, वजन वाढवलं तर तिची हालचाल मरते, म्हणून नवीन माणसाने भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, अष्टमीच्या आजूबाजूला शिकावं. मला स्वतःला भरती फिरल्यानंतरचा पहिला दीड दोन तासांचा वेळ सगळ्यात आवडतो, कारण तेव्हा कांदळवनात शिरलेलं पाणी छोट्या ओघळांतून परत निघतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोय माशाची पिल्लं सगळं बाहेर येतं आणि जिताडा त्या तोंडाशी टपून बसतो. रायगडात खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या) उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, आहेत त्यांच्या तोंडाशी पण हेच, फक्त बांधावरच्या शेतकऱ्याला विचारून बसा.

कोळंबी लावताना डोक्यात आतून जो काळपट भाग दिसतो त्याला गळ लागता कामा नये, लागला की ती तिथेच संपली. डोक्यावरचा जो करवती काटा असतो त्याच्या खालून, काळ्या भागाच्या पुढून, गळ आडवा काढायचा. ओढ जास्त असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेराच्या आधी टोचा. बोय लावत असाल तर वाहत्या पाण्यात ओठातून, फ्लोटखाली (तरंगत्या बोंडाखाली) सोडायची असेल तर पाठीवरच्या पराच्या मागे, कण्याला न लागता.

सामान फार लागत नाही. सात आठ फुटी मीडियम हेवी रॉड, ४००० साइजचं रील, २० ते ३० पौंडाची ब्रेड (विणलेली) लाइन, आणि पुढे ४० पौंडाचा हातभर लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, तो मात्र टाळू नका कारण जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, पातळ लाइन सरळ कापते. वजन स्विव्हलच्या (लाइन आणि लीडर जोडणाऱ्या फिरत्या कडीच्या) वर सरकतं ठेवा म्हणजे माशाला घेताना वजन जाणवत नाही. गळ सर्कल हुक (टोक आत वळलेला) घ्या, २/० किंवा ३/०, कोळंबीच्या साइजप्रमाणे.

सर्कल हुकला झटका मारायचा नाही. हीच सवय सुटायला वेळ लागतो. मासा घेऊन चालायला लागला की रॉड स्थिर धरून नुसतं रील फिरवत लाइन ताणा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जिताडा पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो, तेव्हा रॉडचं टोक लगेच खाली करा. तांबोशीचं उलट, ती लागल्या लागल्या खडकात नाहीतर मुळांत पळते, तिथे ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवून पहिल्या सेकंदालाच वळवावी लागते.

शिंगाळा आला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात, चिमट्यानेच गळ काढा. काटा लागलाच तर जखम धुवून हात सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, त्याने वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टरकडे जा. केंड मासा लागला तर लाइन कापतो, आणि त्यात जीवघेणं विष असतं, तो खायचा नाहीच. सावित्री आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवू नका.

आणि एक मनापासून विनंती. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात आणि पावसाळ्यात त्या खाडीच्या मुखाशी अंडी सोडायला येतात. खाण्यापुरता मधल्या साइजचा ठेवा, मोठी सोडा. सोडताना हात ओले करा, गालफडात बोटं घालू नका, पोटाखाली हात देऊन आडवी धरा, फोटो काढायचा तर पटकन काढा, आणि पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून तिला धरून ठेवा, शेपटीने स्वतः जोर लावेपर्यंत हात काढू नका.