हायड्रोजन सेल गळू नये म्हणून

पुतण्याच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारा हा सेल आम्ही अमळनेरला घरीच बनवला. ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या १ मिमी जाडीच्या सात प्लेटा, मध्ये रबर, दोन्ही बाजूंना ॲक्रिलिकची पाटी. १२ व्होल्टवर मधल्या सहा खणांना प्रत्येकी २ व्होल्ट मिळतात, म्हणून सात. पहिला आठवडा झकास चालला. मग एके सकाळी बघतो तर प्लेटांच्या कडेला मिठासारखी पांढरी रेघ. पाण्याचा थेंबही कुठे नाही, फक्त ती रेघ.

ती रेघ ओळखायला शिका. सेलमध्ये भरलेलं कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) पाणी केसाएवढ्या फटीतून बाहेर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि वाळून खपली धरतं. गळतीची जागा ती स्वतःच दाखवते. उघड्या हाताने खरवडू नका. हातमोजे आणि चष्मा घालूनच पुसा. कातडीला लागलंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा.

माझी पहिली चूक म्हणजे वरून सिलिकॉन फासलं. बाहेरून थापलेला थर आतला दाब धरत नाही, चार दिवसांत सुटतो. सेल खोलावाच लागतो. खोलला तेव्हा कारण दिसलं: शिअरवर कापलेल्या प्लेटांच्या कडांना बर, म्हणजे धातूची धारदार किनार, राहिली होती आणि तिने रबराला बारीक चिरा पाडल्या होत्या. मी तीस वर्षं लेथवर काढली, तरी घाईत कडा घासायच्या राहून गेल्या. आता प्रत्येक कड कानशीने मारतो, मग पॉलिश पेपर, मग नखाने फिरवून बघतो. नख अडकलं की पुन्हा कानस.

रबर ईपीडीएमचंच घ्या, ३ मिमीची शीट. हे रबर कॉस्टिकला टिकतं. व्हिटॉन महाग असतं म्हणून चांगलं असेल असं समजू नका, तीव्र अल्कलीत ते खराब होतं. नळी जोडायचे निपल पितळेचे नकोत, त्यातलं जस्त झिजत जातं. ॲल्युमिनियम तर अजिबात नको: कॉस्टिक ते खातं आणि त्यातूनही हायड्रोजनच सुटतो. स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा, आट्यांवर टेफ्लॉन टेप.

ॲक्रिलिकच्या पाट्या बोल्टाच्या भोकापाशी तडकल्या, म्हणून नंतर २० मिमीच्या एचडीपीई प्लास्टिकच्या टाकल्या. पण आपल्या खानदेशात ऊन हा मोठा शत्रू. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यात सेल चालताना स्वतः तापतो. एचडीपीई स्टीलच्या सुमारे दहापट प्रसरण पावतं, आणि गरम असताना दाबाखाली हळूहळू बसतं. थंड झालं की बोल्ट ढिले. म्हणून बोल्टाखाली मोठे वायसर आणि स्प्रिंग वायसर घाला, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एका वेळी पाव फेरा. किती आवळायचं हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. आमची आठ रबरं नि सात प्लेटा मिळून ३१ मिमी होतात. रबर पाचवा भाग दबलं की २६ मिमीच्या आसपास येतं. दोन पाट्यांमधलं हे अंतर चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने मोजा. एका कोपऱ्यात २५ आणि दुसऱ्यात २७ म्हणजे गळती ठरलेली. पहिल्यांदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा मोजा, पुन्हा आवळा.

आता तपासणी. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. सेलचं एक तोंड बंद करा, दुसऱ्याला नळी जोडा आणि साध्या पाण्याने भरून आतली हवा काढा. नळीचं वरचं टोक दोन मीटरवर बांधा. एक मीटर पाण्याचा स्तंभ साधारण ०.१ बार दाब देतो, म्हणजे इथे ०.२. पाण्याच्या पातळीला मार्करची खूण करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पातळी उतरली तर कोरडा टिश्यू सांध्यांवरून फिरवा, तो ओला होईल तिथे दोष. मी अंगणात नळी बांधत होतो तेव्हा शेजारचे बाबा म्हणाले, "काय करी ऱ्हायना भाऊ?" त्यांना ही पद्धत लगेच पटली, घराची लेव्हल त्यांनी तशीच काढली होती.

पाणी धरलं म्हणजे वायूही धरेलच असं नाही. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि पाणी अडतं तिथून तो निसटू शकतो. म्हणून सप्लाय बंद ठेवून सेलमध्ये सायकलच्या पंपाने हळूच हवा भरा, ०.२ बारच्या वर नको, आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला की काम बाकी आहे.

सेल चालवायचा तो उघड्या अंगणात. पत्र्याच्या शेडमध्ये हलका वायू वर छताशी साठतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो, पंख्याच्या बटणाची ठिणगीही त्याला पुरते. त्यात या सेलमधून ऑक्सिजनही सोबतच येतो, म्हणून हा वायू कशातही साठवायचा नाही, आणि बाहेरच्या नळीवर पाण्याचा बबलर (आग नळीतून उलटी सेलमध्ये येऊ न देणारी पाण्याची बाटली) असल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही. कॉस्टिक मिसळताना ते पाण्यात थोडं थोडं टाका, त्यावर पाणी ओतू नका.

सेल पुन्हा खोलला की जुनी रबरं परत बसवू नका. दबून दबून ती २.५ मिमीची होतात, मग २६ मिमीवर दाबच येत नाही. आठही नवीन कापा.