घरावरून गोठ्यात लाईट नेताना अर्थिंग कसं करावं

घरापासून शंभर फुटांवर गोठा, त्यात कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन आणि दोन-चार ट्यूब. बहुतेक ठिकाणी फेज-न्यूट्रलच्या दोन वायरी ओढतात, की झालं काम. मी वायरमन आहे, असं काम मी घेत नाही. गोठ्याची जमीन कायम ओली. गाईच्या पुढच्या-मागच्या खुरांत चार-पाच फुटांचं अंतर, त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट तिच्या अंगातून जातो. माणूस झटका खाऊन मागे सरतो, दावणीला बांधलेलं जनावर कुठे जाणार?

केबल तीन कोअरची घ्या: फेज, न्यूट्रल, अर्थ. १६ अँपिअरला तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची आर्मर्ड (बाहेरून लोखंडी कवच असलेली) केबल, अडीच फूट खोल पुरून.

शिवाय गोठ्याला स्वतःचं अर्थिंग हवं. ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, अडीच मीटर लांब, भिंतीपासून दीड मीटर तरी दूर आणि जनावरांच्या वाटेवर अजिबात नको. घराकडून आलेली अर्थ आणि ही अर्थ गोठ्याच्या बोर्डात एकाच पट्टीवर घ्या.

अर्थिंग चांगलं असलं की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतोच, असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून बघा. अर्थिंगचा रोध १० ओम आहे, कुट्टीच्या मोटरची बॉडी फेजला लागली. २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर. १६ चा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही आणि तोवर बॉडीत करंट राहतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) हवाच, त्यात काटकसर करू नका.

गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थ कधीही जोडू नका. न्यूट्रल मध्येच तुटली, तर चालू ट्यूबमधून फेज थेट पत्र्यावर आणि गव्हाणीच्या लोखंडावर येते.

मोटर, लोखंडी खांब, पाण्याचा पाईप, दावणीचे बार, सगळं हिरव्या वायरने अर्थच्या पट्टीला जोडा. लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) बसवण्याआधी तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला जोडलेला असतो, करंट मात्र नेत नाही.

शेवटी परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की पाईपात पाणी ओतत राहा.