रात्रपाळीची मालवाहू गाडी : नव्या चालकाने पहिल्या महिन्यात काय सांभाळावे

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक भागांतल्या गोदामांतून संध्याकाळी भरून निघालेली पार्सले, औषधांचे खोके, किराणा माल आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे बीड, लातूर, परभणी, नांदेडच्या दुकानांची शटर उघडण्यापूर्वी पोचावे लागतात, आणि म्हणून नव्या चालकाच्या वाट्याला पुष्कळदा पहिली फेरी रात्रीचीच येते. मी स्वतः 16 वर्षे छत्रपती संभाजीनगर ते लातूर या मार्गावर आयशर चालवली आहे आणि आता नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवतो. क्लच, गिअर आणि आरसे त्यांना कोणीतरी शिकवलेले असते. झोप कशी घ्यायची हे मात्र कोणीच शिकवलेले नसते. रात्रीची गाडी सुखरूप पोचणे बव्हंशी त्या झोपेवर अवलंबून असल्यामुळे या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कागदपत्रांचा भाग आधी उरकून घेऊ. मालवाहू गाडी चालवण्यासाठी वय किमान 20 वर्षे पूर्ण असावे लागते. हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निकालानुसार एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, परंतु त्यापुढच्या गाडीसाठी वाहतूक परवाना लागतोच. म्हणून गाडीच्या आकारावरून अंदाज न बांधता आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेले एकूण वजन वाचावे. विमा, फिटनेस, परमिट आणि पीयूसी यांच्या मुदती एका वहीत उतरवून ठेवाव्यात आणि फास्टॅगमध्ये पैसे आहेत की नाही हे निघण्यापूर्वीच पाहावे. बिल्टीवरील (माल पाठवल्याच्या पावतीवरील) नगांची संख्या आणि ई-वे बिलावरील (माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावरील) गाडीचा क्रमांक स्वतः तपासावा. ऐन वेळी गाडी बदलली आणि ई-वे बिलावर जुनाच क्रमांक राहिला, तर तपासणीत गाडी अडकते आणि चूक कार्यालयाची असली तरी रस्त्यावर रात्र काढावी लागते ती चालकाला. या बिलाची मुदत साधारणपणे 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते, हेही लक्षात असावे.

दिवसाची झोप

रात्री 9 वाजता गाडीवर बसायचे असेल, तर पाळी त्याच दिवशी सकाळी सुरू झाली असे मानावे. रात्री 2 ते पहाटे 5 या वेळेत माणसाचे शरीर सर्वाधिक सुस्तावते, आणि दिवसभर शेतातले काम, बाजार किंवा लग्नकार्य उरकून आलेल्या माणसाला हे तीन तास निभावणे फार अवघड जाते. चोवीस तासांत 7 ते 8 तास झोप झालीच पाहिजे. ती सलग मिळत नसेल, तर सकाळी घरी पोचताच मोठी झोप आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी दीड-दोन तासांची दुसरी झोप, अशी विभागणी करावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी पडून राहणेही नकोसे होते. त्यासाठी पत्रे तापण्याआधीच, म्हणजे सकाळी 7 च्या सुमारास अंथरूण गाठावे. खिडकीवर जाड गोधडी लावून खोलीत अंधार करावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरातल्या माणसांना हे एकदा नीट बसून समजावून सांगावे लागते, कारण दिवसा झोपलेला माणूस मोकळाच आहे असे समजून आई गिरणीत पाठवते आणि शेजारी गप्पा मारायला येतात.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. माझ्या पहिल्याच महिन्यात मी आत्याच्या मुलीच्या लग्नातून थेट गाडीवर आलो होतो. पहाटे साडेतीनच्या सुमारास, गेवराईच्या अलीकडे, डावी चाके साइडपट्टीवर उतरून गाडी हादरली तेव्हा मला जाग आली. डोळे उघडेच असावेत, तरी मागचा किलोमीटरभर रस्ता मला आठवत नव्हता. पट्टीवर त्या क्षणी कोणी उभे नव्हते म्हणून मी आज हे लिहू शकतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत 50 मीटर रस्ता चालकाविना कापला जातो.

डुलकी येण्यापूर्वी शरीर इशारे देते. लागोपाठ जांभया येणे, मान खाली जाऊन झटक्याने वर येणे, गाडी नकळत पांढऱ्या रेषेकडे सरकणे, मागे गेलेले गाव किंवा टोलनाका न आठवणे, यांपैकी एक जरी इशारा मिळाला तरी पुढचा पेट्रोल पंप, ढाबा किंवा टोलनाका गाठून थांबावे. तेथे चहा घ्यावा, लगेच 20 मिनिटांचा गजर लावून केबिनमध्ये आडवे व्हावे, आणि उठल्यावर तोंड धुऊन गाडीभोवती दहा मिनिटे चालावे. चहाचा परिणाम दिसायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे झोप आणि चहा दोन्ही एकाच वेळी उपयोगी पडतात. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखू मळणे यांनी काही क्षण तरतरी वाटते, परंतु झोपेची भरपाई होत नाही. जागे राहण्याच्या म्हणून कोणी गोळी दिली तर ती देणारा माणूस कितीही जुना असला तरी घेऊ नये. दारूविषयी बोलण्यासारखे काही नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम असली, तरी रात्रीच्या चालकाची मर्यादा शून्य असावी.

झोप आली म्हणून थांबलो, हे मालकाला फोनवर सांगायचे धाडस नव्या मुलाला होत नाही. म्हणून काम स्वीकारतानाच, पहिल्या दिवशी, समोर बसून विचारावे की रात्री थांबावे लागले तर उशिराचे पैसे कापले जातील का. पैसे कापले जातील असे उत्तर मिळाले, तर ती नोकरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्येच जो कायदा झाला, त्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती आणि सलग 5 तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. थांबायला मागणे ही मेहेरबानीची याचना नाही, हे नव्या चालकाने मनाशी पक्के करावे.

निघण्यापूर्वी

बॅटरी हातात घेऊन गाडीला एक पूर्ण फेरी मारावी. समोरच्या काचेची बाहेरची बाजू सगळेच पुसतात, आतली बाजू राहून जाते, आणि समोरून दिवे आले की त्या चिकट थरामुळे सगळी काच पांढरी होते. प्रत्येक टायर हाताने आणि डोळ्यांनी तपासावा, हवा मात्र मीटरनेच पाहावी आणि टायर थंड असतानाच भरावी. एअर ब्रेक असलेल्या गाडीत हवेचा काटा पूर्ण चढल्याशिवाय चाक हलवू नये. बीएस-6 गाडीत डिझेलबरोबर, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची पातळीही पाहावी. मागचे दिवे, मागची लाल आणि बाजूची पिवळी चमकपट्टी धुळीने झाकली जाते. ती रोज फडक्याने पुसावी आणि ताडपत्रीचे टोक दिव्यावर लोंबत नाही ना हे पाहावे. स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोणी फलक आणि चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे नसतील तर गाडी काढू नये.

माल भरताना शेवटी उतरवायचा माल आधी आत जातो, ही गोष्ट हमालांच्या घाईत बिघडते, म्हणून चालकाने उतरवण्याचा क्रम लिहून त्यांच्याजवळ उभे राहावे. जड माल तळाला आणि पुढच्या बाजूला असावा. जेवण निघण्याच्या तासभर आधी आणि बेताचे करावे. भरपेट भात किंवा मटण खाऊन निघालेल्या चालकाला मध्यरात्रीच पेंग येऊ लागते.

रस्ता

संभाजीनगरहून लातूरकडे जाणारी गाडी 52 क्रमांकाच्या महामार्गाने आडूळ, पाचोड, शहागडचा गोदावरीवरील पूल, गेवराई आणि बीड करत मांजरसुंब्याला येते आणि तेथून केज, अंबाजोगाईकडे वळते. हा रस्ता पहिल्यांदा दिवसा, जुन्या चालकाच्या शेजारी बसून पाहावा आणि थांबण्यासारखे पंप, गावांतले गतिरोधक, वळणे वहीत टिपून ठेवावीत. मांजरसुंब्याच्या घाटात ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेली भरलेली गाडी ब्रेक तापवते, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर लागत नाही. धुळ्याकडे जाणाऱ्यांनी हे जाणून असावे की कन्नडच्या औट्रम घाटात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2023 मध्ये जड वाहनांना बंदी घातली. म्हणून त्या बाजूची फेरी मिळाल्यास पर्यायी मार्ग कार्यालयाकडून आधीच ठरवून घ्यावा.

समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर न्यावी आणि आपला डिपर (खाली झुकलेला प्रकाशझोत) आधी द्यावा, समोरच्याने दिला नाही तरी द्यावा. डिपरवर चालताना दिव्याच्या टप्प्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबवता येईल एवढाच वेग असावा.

आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका गळीत हंगामातला आहे. दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर उसाची उंच मोळी घेऊन रात्रभर कारखान्याकडे जात असतात, मागे दिवा नसतो, आणि बाहेर आलेले वाढे (उसाचे शेंडे) अंधारात दिसतच नाहीत. त्यांच्यासोबत ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्याही असतात, ज्यात माणसे आणि लेकरे बसलेली असतात. पुढे काळोखाचा एखादा ठोकळा दिसला तर तो ट्रॉली आहे असेच समजून पाय ब्रेकवर आणावा. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आसपास तुळजापूरकडे हजारो भाविक रात्री पायी चालत असतात. त्या दिवसांत पोलिस जड वाहतूक वळवतात, त्याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. शेतशिवारात रोही (नीलगाय) अचानक रस्त्यावर येतो आणि एकामागे दुसरा असतोच, म्हणून पहिला गेला तरी वेग लगेच वाढवू नये. चुकवण्यासाठी स्टिअरिंग जोरात फिरवल्यास भरलेली गाडी उलटते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या साइडपट्टीवर गाडी उतरवू नये, कारण वरून कोरडी दिसणारी ही माती भरलेल्या गाडीचे चाक निम्मे गिळते.

गाडी बिघडून थांबवावीच लागली तर ती रस्त्याच्या कडेपलीकडे जितकी जाईल तितकी न्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, त्रिकोणी फलक मागे किमान 50 मीटर आणि वेगवान रस्त्यावर त्याहून बरेच दूर ठेवावा, आणि गाडीच्या मागे उभे राहू नये. समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर एक प्रवासी मिनीबस ट्रकवर मागून आदळून 12 जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून उभ्या गाडीचे मागचे दिवे पाहिल्याशिवाय मी शेजारच्या मुलाला केबिनमधून दूर जाऊ देत नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत चिकटवावेत. अपघात झालाच तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावाची भीती वाटत असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन उभे राहावे, पण पळून जाऊ नये.

चढावर गाडी मंदावली की मागून चढून ताडपत्री कापून माल उतरवण्याचे प्रकार या महामार्गावर घडलेले आहेत. आरशात मागे दिवा बंद करून येणारी दुचाकी किंवा जीप दिसली, तर थांबू नये. उजेडाच्या ठिकाणापर्यंत गाडी नेऊन 112 ला कळवावे.

माल उतरवताना आणि परतताना

पहाटे बाजारपेठेच्या गल्लीत शिरण्यापूर्वी खाली उतरून छज्जे आणि लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाहाव्यात. गाडी मागे घेताना क्लीनरने उजव्या आरशात दिसेल अशा जागी बॅटरी घेऊन उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक दाबावा. नग दुकानदारासमोर मोजून द्यावेत, खोका ओला किंवा फुटका असेल तर ते पोच पावतीवरच लिहून घ्यावे, आणि सही-शिक्क्यासह पावतीचा फोटो काढावा. पोच हरवली तर भाडे अडते आणि त्याचा भुर्दंड पगारातून वसूल होतो.

पगार, रात्रीचा भत्ता आणि मालाच्या तुटीचे पैसे कोण भरणार, या तिन्ही गोष्टी लेखी असाव्यात. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे का ते विचारावे. याशिवाय बँकेत वर्षाला 20 रुपये भरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. अपघाती मृत्यूस 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि नव्या चालकांपैकी फार थोड्यांनी ती घेतलेली असते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

परतीच्या फेरीत गाडी रिकामी असते, ऊन चढलेले असते आणि घर जवळ आल्याने मन सैल पडते; डुलकीचा दुसरा मोठा धोका इथे असतो. लातूरला माल उतरल्यावर निदान दोन तास केबिनमध्ये झोपून मगच परत फिरावे. घरी आल्यावर अंघोळ, अर्धी भाकरी, खिडकीवर गोधडी, आणि संध्याकाळी 5 पर्यंत दार वाजवायचे नाही एवढा निरोप घरच्यांकडे देऊन पडावे.